नेवाळीची धावपट्टी आणि मुंबईचे आकाश

काटई रस्त्याने अंबरनाथकडे येताना नेवाळी नाका लागतो. नाक्यालगत दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी आहे. युद्ध चालू असताना इंग्रज सरकारने आसपासच्या गावांची १,६०० एकरांहून जास्त जमीन तिच्यासाठी घेतली. युद्ध संपले, पण जमीन परत मिळाली नाही. ती नौदलाच्या ताब्यात आली आणि २२ जून २०१७ रोजी तिथल्या कुंपणाविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा जाळपोळ होऊन नेवाळीचे नाव राज्यभर गाजले. त्याच युद्धातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. छावणीचे शहर झाले, धावपट्टीचा विमानतळ काही झाला नाही.

विमानतळाला धावपट्टीइतकाच वैमानिकाशी बोलणारा माणूस, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक, लागतो. मुंबईला तो आणि त्याची साधने हळूहळू मिळत गेली, बऱ्याचदा माणसे मेल्यानंतर.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, म्हणून विमानसेवा पुण्याला हलवावी लागे. पुढे सांताक्रूझचा विमानतळ मोठा झाला, पण जुहूशी गल्लत सुटली नाही. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश 'बीओएसी'चे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तेच केले आणि ते धावपट्टी संपवून पुढे गेले. कोणाचा जीव गेला नाही, हे नशीब. पण एकोणीस वर्षांच्या अंतराने तीच चूक व्हावी, यात सारा दोष वैमानिकांच्या डोळ्यांचा म्हणता येणार नाही.

जुन्नरला नशिबाने साथ दिली नाही. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि आतले सगळे ९४ जण गेले. मुंबई अजून ऐंशी किलोमीटरहून जास्त लांब होती. आपण शहराजवळ पोचलो, या समजुतीने वैमानिकाने विमान लवकर खाली आणले होते.

त्या काळी विमान कुठे आहे हे बहुतेक वेळा वैमानिकच सांगे. नियंत्रकासमोर कागदाच्या अरुंद पट्ट्या असत, एका विमानाची एक. वेळ, उंची, मार्ग हे सगळे हाताने लिहायचे, उंची बदलली की जुना आकडा खोडून नवा घालायचा. दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची, ती चुकीची ऐकू आली तर पुन्हा सांगायचे. अरबी समुद्रावर तर लांब पल्ल्याच्या रेडिओची खरखर. त्या खरखरीतून आकडे वेचून नियंत्रकांनी दोन विमानांमधले अंतर राखले, हे कसब फार मोठे होते.

नव्वदच्या दशकात दिल्ली आणि मुंबईसाठी अमेरिकेच्या रेथिऑन कंपनीची स्वयंचलित यंत्रणा आली. ती दिल्लीत पुरती चालू होण्याआधीच, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी, चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली उतरले होते, आणि त्याची खरी उंची दिल्लीच्या नियंत्रकाला पडद्यावर दिसत नव्हती. आता पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याशेजारी विमानाचे नाव, उंची आणि वेग उमटतो. दोन विमाने धोक्याच्या अंतरात येऊ लागली किंवा एखादे डोंगराच्या जवळ गेले, की यंत्रणा इशारा देते. समुद्रावरच्या विमानाला लेखी संदेशही जातो. जुन्नरच्या त्या रात्री यातले एवढे जरी असते तरी!

मुंबईच्या सुमारे ८४ मीटर उंच नव्या मनोऱ्यातून २०१४ पासून काम चालते. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली.

यंत्र मात्र बंदही पडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत विमानांचे उड्डाण-आराखडे पोचवणारी संदेशयंत्रणा बिघडली. नियंत्रकांनी ते हाताने भरले आणि शेकडो विमाने रखडली. पुढच्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. म्हणजे मुंबईच्या आकाशात आता दोन मोठे विमानतळ शेजारी शेजारी चालतात. त्यांच्यासाठी पर्यायी संदेशयंत्रणा आणि पुरेसे प्रशिक्षित नियंत्रक सरकारने आताच द्यावेत, पुढच्या अपघाताच्या चौकशी अहवालाची वाट पाहू नये.