जुन्या संगणकाला नवा वेग : एक्सपान्शन कार्डांचा इतिहास

1977 साली बाजारात आलेल्या ॲपल टू संगणकात जादा कार्डे बसवण्यासाठी आठ स्लॉट होते. स्टीव्ह जॉब्स यांना दोनच पुरेसे वाटत होते, पण रचनाकार स्टीव्ह वॉझ्निॲक आठांवर अडून राहिले. त्यांचा हट्ट वर्षभरातच योग्य ठरला. सुरुवातीला या संगणकावरचे प्रोग्राम साध्या कॅसेटवर साठवले जात आणि परत वाचायला मिनिटे लागत. 1978 मध्ये 'डिस्क टू' हा फ्लॉपी ड्राइव्ह आणि त्याचे कार्ड आले. कार्ड स्लॉटमध्ये बसवले की तोच संगणक तेच काम काही सेकंदांत करू लागे. त्या कार्डावर 256 बाइटांची एक रॉम होती आणि फ्लॉपीवरून संगणक कसा सुरू करायचा, याच्या सूचना तिच्यात होत्या. यंत्राला जे ठाऊक नव्हते, ते कार्ड सोबत घेऊन आले. पुढच्या चार दशकांत जुन्या संगणकांची सुधारणा अनेकदा याच मुद्द्यावर तरली किंवा अडली.

आयबीएमच्या 1981 च्या पीसीला पाच स्लॉट होते, पण त्याचा पहिला बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम, कार्डावरची रॉम शोधत नसे. हार्ड डिस्कचे कार्ड बसवले, तरी त्या डिस्कवरून संगणक सुरू होत नसे. 27 ऑक्टोबर 1982 ही तारीख असलेल्या बायोसने ही उणीव भरून काढली. जुन्या पीसीच्या मालकांना मात्र आधी मदरबोर्डावरची रॉम चिप बदलावी लागे. 1985 मध्ये प्लस डेव्हलपमेंट या कंपनीने 'हार्डकार्ड' आणले : 10 मेगाबाइटची अख्खी हार्ड डिस्क, कंट्रोलरसकट, एकाच कार्डावर. फ्लॉपी ड्राइव्ह काढण्याची गरज नाही, वेगळी वायरिंग नाही. इतके नेटके साधन या इतिहासात क्वचितच सापडते.

पोर्टांची अडचण वेगळी होती. पीसीच्या सीरियल पोर्टातील 8250 ही चिप एका वेळी एकच अक्षर धरून ठेवी. मोडेमचा वेग वाढला आणि विंडोजमध्ये एकावेळी अनेक कामे चालू लागली, तेव्हा प्रोसेसरने उचलण्याआधीच अक्षरे हरवू लागली. 16 अक्षरांचा साठा असलेल्या 16550 चिपचे कार्ड बसवणे हा त्यावरचा उपाय होता.

डिस्क मोठ्या होत गेल्या, तशी बायोसची मोजणी तोकडी पडली. आधी 504 मेगाबाइटची मर्यादा आली, नंतर 28 बिटांच्या पत्त्यामुळे 137 गिगाबाइटची. स्वतःचा बायोस असलेल्या कंट्रोलर कार्डांनी या भिंती ओलांडल्या.

यूएसबीच्या काळात कळीचा प्रश्न स्लॉटमागच्या रस्त्याचा झाला. यूएसबी 1.1 चा वेग सेकंदाला 12 मेगाबिट, म्हणजे एक गिगाबाइट पाठवायला किमान अकरा मिनिटे. एप्रिल 2000 मधील यूएसबी 2.0 ने तो 480 मेगाबिटांवर नेला. हा वेग सेकंदाला 60 मेगाबाइट भरतो आणि साध्या पीसीआय स्लॉटची क्षमता 133 मेगाबाइट, त्यामुळे स्वस्त कार्डानेही जुना संगणक पालटून जाई. 2008 च्या यूएसबी 3.0 ला मात्र तो रस्ता अरुंद पडला. त्याला पीसीआय एक्सप्रेस हवे होते. तिथेही पहिल्या पिढीची एक लेन 250 मेगाबाइटच वाहून नेते, म्हणजे पोर्टाच्या क्षमतेच्या निम्मेच. यूएसबी आणि पीसीआय एक्सप्रेस या दोन्हींच्या घडणीत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले इंटेलचे अभियंते अजय भट यांचा मोठा वाटा आहे.

या साऱ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ॲपलचा 2010 आणि 2012 चा मॅक प्रो. त्यात यूएसबी 3.0 नव्हते आणि डिस्कची साटा जोडणी सेकंदाला 300 मेगाबाइटांवर थांबे. पण त्याच्या स्लॉटांत दुसऱ्या पिढीचे पीसीआय एक्सप्रेस होते. थेट पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी एनव्हीएमई डिस्क चार लेनच्या कार्डावर बसवली, की वेग जवळपास पाचपट होई. तरी तिच्यावरून संगणक सुरू करण्याची सोय 2018 मध्ये, मॅकओएस मोहावेच्या काळातल्या फर्मवेअरनेच दिली. ते फर्मवेअर नसलेल्या मॅक प्रोमध्ये अशी डिस्क सर्वसाधारणपणे साठवणीपुरतीच वापरता येते.