हिरवा क्रोमिस : खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीतील संगोपन

पोमॅसेंट्रिडी (डॅमसेल) कुलातील लहान सागरी मासा. शास्त्रीय नाव क्रोमिस व्हिरिडिस. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत उथळ प्रवाळ खडकांत तो आढळतो. भारतात लक्षद्वीप व अंदमान बेटांभोवती आहे. लांबी साधारण ८ सेंमी. रंग फिकट हिरवा. मासा वळला की त्यावर निळी झाक येते. क्रोमिस ॲट्रिपेक्टोरॅलिस ही जाती हुबेहूब अशीच दिसते, फक्त तिच्या छातीच्या परांच्या मुळाशी आतून काळा डाग असतो. दुकानात दोन्ही सर्रास एकाच नावाने मिळतात. अमेरिकेत आयात होणाऱ्या शोभिवंत सागरी माशांत संख्येने हाच आघाडीवर असतो. मुख्य पुरवठा फिलिपिन्स व इंडोनेशियातून होतो आणि बहुतेक मासे समुद्रातून पकडलेले असतात.

निसर्गात हे मासे ॲक्रोपोरासारख्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर थव्याने तरंगतात आणि प्रवाहाबरोबर येणारे प्लवक एकेक टिपतात. मोठा मासा जवळ आला की सगळा थवा क्षणात फांद्यांत शिरतो. रात्रही तेथेच काढतो. थवा एकत्र राहतो तो शत्रूच्या धाकाने आणि वाहत्या अन्नामुळे. घरच्या टाकीत धाक उरत नाही आणि अन्न दिवसातून एक-दोनदा, तेही एकाच कोपऱ्यात पडते. मग कुलाचा मूळ स्वभाव वर येतो. मासे जागा वाटून घेतात, त्यांच्यात उतरंड लागते आणि सर्वांत खालच्याचा छळ सुरू होतो.

छळ होणारा मासा ओळखता येतो. तो पंपाच्या नळीमागे, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात अडकून राहतो. पर मिटलेले, शेपटीची कड कुरतडलेली, रंग विटलेला. अन्न टाकल्यावर तो पुढे येतो, पण दुसऱ्याने नुसती मान वळवली तरी मागे सरकतो. तो मेला की पाळी त्याच्या वरच्याची. सहा मासे आणलेल्या टाकीत वर्षभराने एक-दोनच उरणे ही या माशाच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे. ‘पाच-सहा एकदम घ्या, थवा होतो’ हा दुकानदाराचा सल्ला म्हणून अर्धाच खरा. विषम संख्येत घ्यावेत या समजुतीला तर काहीच आधार नाही.

उपाय खात्रीचे नाहीत, पण उपयोगाचे आहेत. टाकी किमान ४ फूट लांब हवी. ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. त्यासाठी ९ किलोच्या आसपास सागरी मीठ लागते आणि दगडांसह सगळे वजन ३०० किलोंच्या पुढे जाते, तेव्हा स्टँड व जमीन आधी पाहावी. पाणी आर.ओ.चे, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ, तापमान २४ ते २७ अंश से. मुंबईच्या उन्हाळ्यात चिलरशिवाय हे जमत नाही. मासे सोडण्यापूर्वी टाकीत अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जीवाणू वाढू द्यावे लागतात. त्याला ४ ते ६ आठवडे लागतात. घाई करणाऱ्याचे पहिले मासे येथेच जातात. सारख्या आकाराची पिल्ले एकाच वेळी सोडावीत आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे ब्राइन श्रिंप किंवा मायसिस प्रवाहात सोडावे, म्हणजे ते टाकीभर पसरते. लपायला फांद्या हव्यातच. मात्र भारतात सर्व कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून ते उचलणेही गुन्हा ठरतो. कृत्रिम फांद्यांवर मासे तक्रार करत नाहीत.

प्रत्येक मृत्यू मारामारीचा नसतो. अंगावर, विशेषतः बाजूला, लाल चट्टा उठून दोन-तीन दिवसांत मासा गेला, तर युरोनेमा या रोमकयुक्त आदिजीवाचा संशय घ्यावा. क्रोमिस त्याला फार लवकर बळी पडतो. हा जीव माशाशिवायही जगतो आणि मांसात खोल शिरतो, त्यामुळे तांब्याचे औषध त्यावर फारसे चालत नाही. नवे मासे चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हाच शहाणपणा. पण सर्वाधिक टाळली जाणारी पायरीही हीच.

विणीच्या काळात नर पिवळसर होतो, तळाशी जागा साफ करतो आणि अनेक माद्या तेथे अंडी घालतात. नर शेपटीने अंड्यांना वारा घालतो. न उबणारी अंडी तो खाऊन टाकतो. दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. ती इतकी बारीक असतात की ब्राइन श्रिंपची ताजी पिल्लेही त्यांच्या तोंडात मावत नाहीत. कोपेपॉडांच्या डिंभांसारखे सूक्ष्म जिवंत खाद्य वेगळे वाढवावे लागते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पैदास साधलेल्या डॅमसेल माशांत या जातीचा समावेश आहे. घरगुती टाकीत अंडी पडतात, पण पिल्ले मोठी होणे विरळा.