पैनगंगेच्या तीरावरील शस्त्रपरवाना : वऱ्हाड-हैदराबाद सीमेच्या इतिहासातील एक प्रकरण (१८०३-१९४८)

शस्त्रांचा व्यापार हा इतर व्यापारासारखा नसतो. कापूस किंवा धान्य सीमेपलीकडे जाताना राज्यकर्त्यास मुख्यतः जकातीची विवंचना असते. तोफा, बंदुका व दारूगोळा जाऊ लागला म्हणजे मात्र तो उद्या कोणावर रोखला जाईल, हा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच असा माल परवान्यावाचून बाहेर जाऊ न देण्याचा हक्क हे सार्वभौमत्वाचे एक प्रमुख लक्षण होय. मराठी दफ्तरांत रूढ असलेला ‘परवाना’ हा मूळचा फारसी शब्द राजाचा अथवा वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी हुकूम ह्या अर्थाने येतो. अनुज्ञापत्र हा त्याचा आजचा मर्यादित अर्थ मागाहूनचा आहे. अर्थ संकोचला तरी त्यामागील हुकमाची भावना लोपली नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमांचा इतिहास ह्या दृष्टीने पाहिल्यास बोधप्रद ठरतो.

वर्धा नदी ह्या जिल्ह्याच्या पूर्वेस व पैनगंगा दक्षिणेस आहे. ह्या दोन्ही नद्यांना राजकीय सीमेचे महत्त्व तहांनी आले. अडगाव व गाविलगड येथील पराभवानंतर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह केला आणि वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडून दिला. पुढील वर्षी तो निजामाकडे गेला. ह्याच तहात इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकी सत्तेच्या प्रजाजनास आपल्या चाकरीत न ठेवण्याची अट भोसल्यांवर घालण्यात आली होती. त्या काळी तोफा ओतण्याची व कवायती पलटणी उभारण्याची विद्या बहुधा अशा फिरंगी चाकरांच्या द्वारेच दरबारांत येत असे. निजामाकडील फ्रेंच सेनानी रेमाँ ह्याने हैदराबादेत तोफांचा कारखाना चालविला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १७९८ च्या तहान्वये, त्याची पलटण निःशस्त्र करण्यात आली. तात्पर्य, शस्त्रांबरोबर शस्त्रविद्येच्या संक्रमणावरही निर्बंध हवा, हे कंपनीच्या मुत्सद्द्यांनी तेव्हाच ओळखले होते. आजच्या निर्यात-नियमांत यंत्रांबरोबर तंत्रज्ञानाचाही समावेश असतो; त्यामागील तत्त्व हेच आहे.

यानंतर वऱ्हाडची स्थिती विलक्षण झाली. हैदराबाद कंटिंजंट ह्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेचा खर्च थकल्यामुळे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या स्वाधीन झाला. म्हणजे वणी, दारव्हा, पुसद येथील शेतकऱ्यांचा सारा एका सैन्याच्या पगारासाठी तारण पडला. १९०२ च्या करारान्वये वार्षिक २५ लक्ष रुपये खंडाने वऱ्हाडचा कायमचा पट्टा इंग्रजांस मिळाला व १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडण्यात आला. १९०५ मध्ये जुन्या वणी जिल्ह्यात दारव्हा व पुसद हे तालुके घालून आजचा यवतमाळ जिल्हा आकारास आला. तथापि स्वामित्व निजामाचेच राहिले. १९३६ च्या करारातही ते मान्य करण्यात आले. परिणामी ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. परराष्ट्रीय अधिकारक्षेत्राच्या सत्तेखाली अधिसूचना काढून ते लागू करावे लागत. १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने समुद्रमार्गे वा खुष्कीने शस्त्रे ब्रिटिश हिंदुस्थानात आणण्यास अथवा तेथून बाहेर नेण्यास परवाना आवश्यक केला होता. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर नाममात्र स्वामी एकच असला, तरी उत्तर तीरावर हुकूम चालत होता तो नागपूर व दिल्लीचा.

ह्या विसंगतीची खरी कसोटी १९४७ नंतर लागली. ब्रिटिश अमदानीत संस्थानी फौजा शस्त्रपुरवठ्यासाठी हिंदुस्थान सरकारवर अवलंबून असत. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व हैदराबाद ह्यांच्यामध्ये एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. पूर्वीचे संबंध चालू ठेवावयाचे, तर शस्त्रपुरवठाही चालू राहावा, असा निजाम सरकारचा दावा होता. उलट, रझाकारांचा जोर वाढत असता दिलेली शस्त्रे कोणाच्या हाती पडतील, ही भारत सरकारची शंका होती आणि ती निराधार नव्हती. इकडे हैदराबादनेही मौल्यवान धातूंची निर्यात रोखली, भारतीय चलनाचा व्यवहार बंद केला व पाकिस्तानास २० कोटींचे कर्ज देऊ केले. दोन्ही पक्ष एकमेकांवर करारभंगाचा आरोप करीत होते, आणि दोघांच्याही हातातील हत्यार होते ते निर्बंधाचे.

कायदेशीर मार्ग बंद होताच आकाशमार्ग उघडला. १९४८ च्या उन्हाळ्यापासून सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानफेऱ्यांनी हैदराबादेत शस्त्रे उतरवू लागला. ऑगस्टमध्ये निजाम सरकारने आपले गाऱ्हाणे सुरक्षा परिषदेपुढे नेले. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने कारवाई आरंभिली व १७ सप्टेंबर रोजी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केला. पैनगंगेची सीमा त्यानंतर केवळ प्रशासकीय उरली.

ह्या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष दुहेरी आहे. शस्त्रे नाकारल्याने हैदराबादचा प्रश्न सुटला नाही. चोरट्या व्यापारास मात्र गिऱ्हाईक मिळाले. पण म्हणून नकार अयोग्य होता, असेही म्हणता येत नाही. कारण विमानांनी आलेली सामग्री प्रशिक्षित रणगाडा-दळाची व नियमित पुरवठ्याची जागा घेऊ शकली नाही. परवान्याचा निर्बंध युद्ध टाळीत नाही, त्याचे प्रमाण ठरवितो, एवढे विधान ह्या पुराव्यावरून करता येईल.

पुढे १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. २०१७ मध्ये भारताने दुहेरी उपयोगाच्या व लष्करी वस्तूंच्या निर्यात-सूचीत युद्धसामग्रीचा सहावा वर्ग कार्यान्वित केला व त्याच वर्षी वासेनार व्यवस्थेत प्रवेश केला. सहाव्या वर्गातील मालाच्या परवान्यांची मुख्य जबाबदारी संरक्षण उत्पादन विभागाकडे आहे. वणीपलीकडे, वर्धेच्या पूर्वेस, भद्रावती येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा आहे. ज्या नदीपलीकडे १८०३ मध्ये परक्यांच्या संमतीवाचून एक फिरंगी तोफची ठेवण्याची मुभा नव्हती, तेथील माल कोणास द्यावा व कोणास नाकारावा, हा निर्णय आता दिल्लीत होतो. अधिकार स्वतःचा झाला; त्याबरोबर, घेणारा ती शस्त्रे कोणावर रोखील, हा १९४८ चा प्रश्नही वारशाने आला आहे. तो परवाना देणाऱ्याने दर वेळी नव्याने सोडवावयाचा असतो.