पंचविसावा पैसा

1 एप्रिल 1957 रोजी आपल्या देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होत. आता शंभर नवे पैसे झाले. त्या वेळी मी बडोद्यात सात वर्षांचा होतो. आण्याला सहा नवे पैसे, चार आण्यांच्या पावलीला मात्र पंचवीस, असे नवे कोष्टक होते. आजीने दिलेले चार आणे मी एकेक करून मोडले, तर हाती चोवीसच पैसे! तो हरवलेला पैसा माझ्या मनातून जाईना. वर्गात विचारले, तेव्हा कोष्टक पाठ करण्याची आज्ञा तेवढी मिळाली. गणिताशी माझे नाते तेथेच तुटले.

वस्तुतः आण्याची किंमत सव्वासहा नवे पैसे होती. दर आण्यामागे पाव पैसा गळत होता. घरी पावकी-सवायकी म्हणणाऱ्या मला हे एका वाक्यात उमगले असते. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले आणि परिसरातील बिया, शिंपले, खडे हीच शिक्षणाची साधने केली. मूल गणित घेऊनच शाळेत येते, ही जाण त्यामागे मला दिसते. शिक्षकबंधुभगिनींनो, त्याचा प्रश्न आधी ऐकून घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे.