चिंताविकारांवरील मानसोपचार

चिंता, भीती आणि त्यांतून येणारी टाळाटाळ यांमुळे दैनंदिन जीवन विस्कळीत झालेल्या व्यक्तीवर प्रशिक्षित उपचारकाने संवाद, विचारांची तपासणी आणि प्रत्यक्ष सराव यांच्या साहाय्याने केलेला औषधेतर उपचार. परीक्षा, कर्ज किंवा आजारपण यांमुळे वाटणारी काळजी स्वाभाविक असते. मात्र ती प्रसंगाच्या मानाने अवाजवी होऊन दीर्घकाळ टिकते आणि झोप, काम व नातेसंबंध यांना बाधा आणते, तेव्हा तिला चिंताविकार म्हणतात. अनेक विषयांची सतत काळजी वाहायला लावणारा सार्वत्रिक चिंताविकार, पॅनिक अटॅक या नावाने परिचित असलेले तीव्र भीतीचे झटके वारंवार येणे, चारचौघांत वावरण्याचे सामाजिक भय आणि विशिष्ट वस्तूचे वा परिस्थितीचे भय हे त्याचे प्रमुख प्रकार होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातील सुमारे ३० कोटी १० लाख लोक या विकारांनी ग्रस्त होते.

तत्त्व : भीतीदायक प्रसंग टाळल्याने तात्पुरती सुटका वाटते, परंतु प्रसंग निभावता आला असता हे अनुभवण्याची संधी हुकते आणि भीती अधिकच दृढ होते. हे चक्र तोडणे हा उपचाराचा गाभा होय. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारानुसार भावना थेट घटनेतून उद्भवत नाही, तर घटनेविषयीच्या समजुतीतून उद्भवते; म्हणून ‘मला यश मिळालेच पाहिजे’ यासारखा हट्टाग्रह शोधून, पुराव्याच्या व तर्काच्या कसोटीवर त्याचे खंडन करून त्याजागी ‘यश मिळावे अशी माझी इच्छा आहे’ असा लवचीक विचार रुजवला जातो. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली बोधात्मक उपचारपद्धती आणि जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेले क्रमशः भयनिवारण यांच्याशी या विचाराचा मेळ बसून आजचा बोधात्मक वर्तनोपचार घडला.

कार्यपद्धती : प्रारंभी लक्षणांची नोंद, भीती वाढवणाऱ्या विचारांची ओळख आणि श्वसन व स्नायुशिथिलीकरण यांचा सराव होतो, त्यानंतर भीतीदायक प्रसंगांची कमी तीव्रतेपासून अधिक तीव्रतेपर्यंत चढती यादी करून रुग्ण ते क्रमाने हाताळतो. उदाहरणार्थ, बोगद्यात गुदमरण्याच्या भीतीने कोकण रेल्वेचा प्रवास टाळणाऱ्या कुडाळच्या व्यक्तीसाठी प्रथम स्थानकावर थांबणे, मग सावंतवाडीपर्यंत एका टप्प्याचा प्रवास, पुढे सोबत्यासह रत्नागिरीपर्यंत आणि अखेरीस सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीच्या कारबुडे बोगद्यातून एकट्याने मुंबईपर्यंत, अशा पायऱ्या आखता येतात. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबणे आवश्यक असते, कारण मध्येच माघार घेतल्यास टाळाटाळीचीच सवय बळावते.

महाराष्ट्रातील वाटचाल : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या योगविचारावर आधारित उपचाराचा मनोविकारांवर प्रयोग करून १९६० व १९७० च्या दशकांत त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केले. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्या पद्धतीचा भारतात प्रसार केला व तिची मराठीत मांडणी केली, तर डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या संस्थेने मानसिक आरोग्याचा विचार समाजापर्यंत नेला.

सिंधुदुर्गातील संदर्भ : १९८१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे मुख्यालय व जिल्हा रुग्णालय कुडाळ तालुक्यातील ओरोस येथे आहे. जीव घाबरा होणे किंवा छातीत धडधडणे यांचे कारण अनेकदा शारीरिक आजारात वा बाहेरच्या बाधेत शोधले जाते; ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याने किंवा कौल घेण्याने मिळणारा दिलासा नाकारण्याचे कारण नसते, मात्र त्यापायी उपचारास विलंब होऊ नये. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून कार्यरत असलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही समुपदेशन उपलब्ध असल्याने शहरांपासून दूर असणाऱ्यांना पहिले पाऊल उचलणे सोपे झाले आहे.

मर्यादा : थायरॉइडचे, हृदयाचे विकार आणि रक्तक्षय यांतही चिंतेसारखी लक्षणे दिसत असल्याने आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. तीव्र विकारात मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधेही द्यावी लागतात. त्यांपैकी काही शामक औषधांची सवय लागू शकते. उपचार सामान्यतः काही आठवडे ते काही महिने चालतो, आणि त्याचे यश भीती पूर्णपणे नाहीशी होण्यावर नव्हे, तर भीती असतानाही टाळलेली कामे पुन्हा सुरू होण्यावर मोजले जाते.