केंब्रिजची गणितपरीक्षा : तयारीच्या पद्धतीचा इतिहास

‘रँग्लर’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे. १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणितातील पदवीपरीक्षेत, म्हणजे ‘मॅथेमॅटिकल ट्रायपॉस’मध्ये, ते आणखी एका विद्यार्थ्यासह समान गुणांनी प्रथम आले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. तेव्हापासून मराठीत हा शब्द उपपदासारखा त्यांच्या नावापूर्वी लागला, आणि त्यातून प्रखर बुद्धिमत्तेचा बोध होऊ लागला. परंतु शब्दाचा मूळ अर्थ निराळा आहे. ‘रँग्लर’ म्हणजे वाद घालणारा. या अर्थातच त्या परीक्षेचा पूर्वेतिहास साठविलेला आहे.

अठराव्या शतकात केंब्रिजच्या पदवीइच्छू विद्यार्थ्यास सभेत उभे राहून लॅटिन भाषेत एखादा सिद्धान्त प्रतिपादावा लागे. प्रतिपक्षी त्यावर आक्षेप घेत व विद्यार्थी त्यांचे निरसन करी. आपल्याकडील शास्त्रार्थाशी या प्रथेचे साम्य सहज लक्षात येईल. अशा परीक्षेची तयारी म्हणजे मुख्यतः वादाची तयारी : पूर्वपक्ष ओळखणे, तर्कातील दोष हेरणे आणि प्रसंगावधान राखणे.

पुढे गणिताला प्राधान्य मिळाले. गणिताची उत्तरे तोंडी तपासणे गैरसोयीचे होते, आणि गुणानुक्रम काटेकोर लावावयाचा तर सर्वांना एकच प्रश्न देणे अवश्य होते. त्यामुळे लेखी परीक्षा बळावली व वादसभा १८३९च्या सुमारास लोपली. १८५४ साली या परीक्षेत आठ दिवसांत १६ प्रश्नपत्रिका, एकूण २११ प्रश्न आणि साडेचव्वेचाळीस तास लेखन असे स्वरूप होते. येथे प्रसंगावधानापेक्षा वेगाला महत्त्व आले.

या नव्या गरजेतून खाजगी शिक्षकांचा वर्ग उदयास आला. विल्यम हॉपकिन्स हे स्वतः १८२७ साली सातवे आले होते. विवाहित असल्यामुळे त्यांना महाविद्यालयाची फेलोशिप मिळणे शक्य नव्हते. त्यांनी शिकवणी पत्करली आणि १८४९पर्यंत त्यांचे सतरा विद्यार्थी प्रथम आले. त्यांचे शिष्य एडवर्ड राउथ हे १८५४ साली प्रथम आले. त्या वर्षी जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुसरे होते. राउथ यांनी पुढे १८८८पर्यंत पंचविसांहून अधिक प्रथम क्रमांक घडविले. लहान गट, ठरावीक वेळापत्रक, हस्तलिखित टिपणे आणि सोडवावयास नेमाने दिलेली उदाहरणे ही त्यांची साधने होती. विद्यापीठातील व्याख्याने यापुढे फिकी पडली.

या तयारीने नेमके काय साधले? १८४५ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन, हे ट्रायपॉसमध्ये दुसरे आले व स्टीफन पार्किन्सन पहिले. त्याच वर्षी स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत हा क्रम उलटला. या परीक्षेत वेगाला तितके महत्त्व नव्हते. विद्यार्थी तेच, विषय तोच. बदलले होते ते प्रश्नांचे स्वरूप. म्हणून क्रमांकावरून विद्वत्तेचे अनुमान करताना परीक्षेने काय मोजले हे प्रथम पाहावे लागते. मात्र केवळ दोष पाहणेही न्याय्य नाही. थॉमसन व मॅक्सवेल हे दोघेही हॉपकिन्स यांचेच विद्यार्थी होते, आणि याच शिस्तीतून त्यांचे गणिती सामर्थ्य घडले.

१८९८ साली चौथे आलेले जी. एच. हार्डी यांच्यासारख्या गणितज्ञांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. अखेर १९०९नंतर क्रमवार यादी बंद झाली. ‘रँग्लर’ ही संज्ञा प्रथम श्रेणीसाठी टिकली. परंतु सर्वांत पहिला कोण, हे विद्यापीठाने जाहीर करणे सोडले.

वाद घालणाऱ्याचे नाव अशा रीतीने निमूटपणे झरझर लिहिणाऱ्याला मिळाले, आणि मराठीत येताना त्यातील वादाचा अर्थ पूर्णपणे गळून पडला. परीक्षेचे स्वरूप बदलले की विद्यार्थ्याची तयारी बदलते, आणि तयारीबरोबर विद्वत्तेची कल्पनाही बदलते, हे या शब्दाच्या इतिहासावरून दिसून येते.