छायाचित्र-मुद्रणातील अर्थनिर्णय

निगेटिव्हवरून कागदावर छायाचित्र उतरविताना छायाचित्रकाराच्या अभिप्रायाचा शोध घेऊन छायाप्रकाशाची योजना करण्याची कला. निगेटिव्हमधील सर्व छटा एका कागदावर मावत नसल्याने कोणत्या उठावदार कराव्यात व कोणत्या दबू द्याव्यात, हा निवाडा मुद्रकाला करावाच लागतो. आणि छायाचित्रकार हयात नसेल, तर त्याला हस्तकौशल्याइतकीच साक्षीपुराव्याची गरज पडते.

निजामाच्या रियासतीचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५), ज्यांनी वेरूळ व दौलताबादची छायाचित्रे घेतली, त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह या प्रश्नाचे मार्मिक उदाहरण होत. त्यांपैकी २,८०० हून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत.

त्या काळी अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला अल्ब्युमिन कागद चौकटीत निगेटिव्हला भिडवून उन्हात ठेवीत. कागदाचा काळवंडलेला भाग पुढचा प्रकाश आपणच अडवीत असल्याने छायेतील तपशील बुजत नसे, व तोवर उजळ भागही हळूहळू भरून येई. या गुणाच्या भरवशावर निगेटिव्ह दाट व तीव्र छटांच्या केल्या जात. अशीच निगेटिव्ह ब्रोमाइड कागदावर सरधोपट छापली, तर छाया काळीठिक्कर व उजेड कोरा उमटतो. म्हणून जाणता मुद्रक सौम्य ग्रेडचा कागद घेतो, छायाभागावर पुठ्ठ्याचा तुकडा हलता ठेवून प्रकाश थोपवितो आणि उजळ भागास जादा प्रकाश देतो. डार्करूममध्ये या क्रियांना अनुक्रमे डॉजिंग व बर्निंग म्हणतात.

आभाळाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुन्या काचा निळ्या प्रकाशास अतिसंवेदनक्षम असल्याने आभाळ बहुधा कोरे येई. तेथे गडद छटा भरणे डोळ्यांस सुखावह वाटले, तरी छायाचित्रकाराने तो कोरेपणा गृहीत धरूनच चौकट बांधली असण्याचा संभव असतो. याबाबत समकालीन मूळ प्रिंट व निगेटिव्हवरील पेन्सिलीची डागडुजी हे मुख्य पुरावे होत. परंतु अल्ब्युमिन प्रिंट कालांतराने पिवळे व फिके पडत असल्याने त्यांची आजची छटा प्रमाण मानता येत नाही.

पुरावा जेथे मुका असेल, तेथे मुद्रकाने आपली निवड करावी. तथापि कागदाचा प्रकार, प्रकाशाचा अवधी व केलेला प्रत्येक फेरफार दप्तरी नोंदविणे हे त्याचे कर्तव्य होय, कारण त्या नोंदीवरूनच पुढील अभ्यासकाला छायाचित्रकाराची दृष्टी व मुद्रकाची दृष्टी वेगळी ओळखता येते.